वाट सांगणारी गाडी



'इन्फोटेनमेंट' या शब्दाला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न मला मागच्या उन्हाळ्यापर्यंत पडला नव्हता. कवितेत तो शब्द लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या यवतमाळच्या घरासमोर नवी गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका आली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. छापील कागद दिसला की वाचतो. त्या पुस्तिकेत इंजिनाला जेवढी पानं दिली होती, त्याहून जास्त पानं समोरच्या काचेच्या पाटीला दिली होती. माहिती आणि मनोरंजन एकाच जागी, म्हणून मी 'माहितीरंजन' असा शब्द जुळवला आणि पत्नीला ऐकवला. ती म्हणाली, "शब्द छान आहे. पण त्यात एसीचा पंखा कुठं दडवलाय, तेवढं आधी शोधून द्या."

पंखा तिसऱ्या पानावर होता. पुस्तिकेच्या नव्हे, पडद्याच्या. जुन्या गाडीत तीन गोल बटणं होती. रस्त्यावरची नजर न काढता ती हातानं चाचपून फिरवता यायची. आता काचेवर बोट टेकवायचं, आणि काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, म्हणून टेकवताना बघावं लागतं. मोटारींची सुरक्षितता तपासून तारे देणारी युरोपातली 'युरो एनकॅप' नावाची संस्था आहे. तिनं २०२६ पासून नियम कडक केले. वळणाचा दिवा, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक, या पाच गोष्टींना हाताला लागणारी वेगळी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत. एसीचा त्यात समावेश नाही, पण युरोप निम्मा तरी तुझ्या बाजूनं आला, असं मी पत्नीला सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

आमच्याकडे गाडी पत्नी चालवते, हे आताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. ती जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होती. जुनी छोटी गाडी तिनं पंधरा वर्षं चालवली. मी शेजारच्या सीटवर बसतो. मागे अम्मा. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. नवी गाडी घेतली मुलानं. तो पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या सोसायटीत गाडी लावायला एकच जागा, आणि इथे दादीला दवाखान्यासाठी महिन्यातून दोनदा वर्ध्याला न्यावं लागतं. म्हणून गाडी त्याची आणि मुक्काम आमच्याकडे.

अम्माच्या गुडघ्यांमुळेच ही उंच गाडी घेतली. जुन्या गाडीत बसायचं म्हणजे खाली बसकण मारावी लागे आणि उतरायचं म्हणजे विहिरीतून वर आल्यासारखं. जीपगाडीत उलट, चढायलाच शिडी हवी. या दोन्हींच्या मधली जी जात निघाली आहे तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. खालचा सांगाडा साध्या मोटारीसारखा, बसणं मात्र जरा वर. सीट साधारण माणसाच्या कमरेच्या उंचीला येते. पाठ टेकवायची, पाय आत वळवायचे, झालं. आपल्याकडे यातल्या बऱ्याच गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत ठेवतात. त्याचं कारण सोय नाही, कर आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरल्याहून लहान असेल तर कर कमी लागतो. म्हणून डिकी आखूड. अम्माची चाकाची खुर्ची आणि वर्ध्याहून घेतलेलं गोरसपाक एकदम मावत नाही. एक मांडीवर घ्यावं लागतं.

गाडी घरात रुळायला किती दिवस लागतात? यंत्राच्या दृष्टीनं हजारभर किलोमीटर. माणसांचा हिशेब वेगळा. पहिला तंटा फोनचा झाला. गाडी एका वेळी एकाच फोनशी नीट बोलते. ज्याचा फोन आधी जोडला जाईल त्याची गाणी, त्याचे नंबर, त्याचा नकाशा. आणि त्याचे निरोपही.

निरोपांवरून एक प्रसंग सांगतो. माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. बहीण, भाची आणि आम्ही दोघं एका नातेवाइकाकडून परतत होतो. बहीण पुढे बसली होती, भाची आणि मी मागे. पत्नीचा फोन गाडीला जोडलेला. पडद्यावर एक चौकोन उमटला, बहिणीनं उत्सुकतेनं त्याला बोट लावलं, आणि गाडीतल्या बाईनं निरोप खणखणीत वाचायला सुरुवात केली. निरोप मुलाच्या आईचा होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आपली हिंदी, त्यामुळे उच्चार सगळे वाकडे. एरवी हसू आलं असतं. पण अर्थ कळत होता. मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, फक्त रंग जरा... असं पुढे. बहिणीला ते बंद करता येईना. मी भाचीकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामू, गाणी लावायला सांगा ना."

हा निरोप एरवी पत्नीनं रात्री एकटीनं वाचला असता. बहिणीला सांगताना चार शब्द बदलले असते, भाचीपर्यंत तो कदाचित पोचूच दिला नसता. पूर्वी पोस्टमन पत्र हातात देई आणि ते कुणासमोर वाचायचं हे घरातली बाई ठरवी. यंत्राला ती समज नाही, ती द्यावी लागते. 'सेटिंग्ज'मध्ये निरोपांची सूचना बंद करायची सोय असते. फोन जोडताना नंबर आणि निरोप गाडीला द्यायचे की नाही, हेही विचारतात. आपण घाईत 'हो' म्हणून मोकळे होतो. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, गाणी नंतर जुळवा, आधी ही कडी लावा. आणि गाडी भाड्यानं घेतली किंवा विकली, तर आपला फोन तिच्यातून पुसून टाका. पुसला नाही तर आपल्या सोयऱ्यांचे नंबर परक्याच्या गाडीत राहतात. भाचीचं लग्न तिथं जमलं नाही. तिनं पुढे एम.एस्सी. पूर्ण केलं आणि सध्या ती अमरावतीला शिकवते.

आता रेडिओ. तुमच्यापैकी काहीजण हे बोलणं गाडीत ऐकत असतील, तर त्यांना रेडिओ सापडला याबद्दल त्यांचं अभिनंदन. आमच्या गाडीत तो आहे, पण नकाशा, फोन, गाणी आणि हवामान यांच्या मागे, पंगतीत शेवटी बसवलेल्या म्हाताऱ्यासारखा. काही नव्या गाड्यांनी मध्यम लहरी काढूनच टाकल्या. काही गाड्यांत मात्र उलट, आकाशवाणीची 'डीआरएम' ही डिजिटल लहर पकडणारा रेडिओ कारखान्यातूनच बसवून येतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. अम्माला बातम्या लागतात. म्हणून पत्नीनं रेडिओचं चिन्ह बोटानं दाबून धरलं, ओढत आणलं आणि पहिल्या पानावर ठेवलं. असं ओढता येतं, हे तिचं तिनंच शोधलं.

पण माझं खरं दुखणं होतं ते वाटेचं. पंधरा वर्षं त्या छोट्या गाडीत मला एक पद होतं. फाटा आला की काच खाली करायची आणि विचारायचं, "भाऊ, अमुक गाव कोणीकडे?" या कामात एक कला आहे. कुणाला विचारायचं हे ओळखावं लागतं. घाईत असलेल्याला विचारू नये. पानटपरीवर चौघं असतील तर चार वाटा मिळतात. शाळेतून परतणारी मुलं सर्वांत अचूक सांगतात, पण अंतर त्यांना कळत नाही. वऱ्हाडात "हे काय, इथंच हाय" याचा अर्थ दोन किलोमीटरपासून नऊ किलोमीटरपर्यंत काहीही होतो. नव्या गाडीत ही नोकरी गेली. आता एक बाई बोलते. अम्मानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ये कौन बोल रही है? इसका घर कहाँ है?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बाईला आमच्या गावांची नावं येत नाहीत. तिला 'ळ' नाही. यवतमाळचं ती 'यवतमल' करते. दारव्ह्याचं दरवाजासारखं काहीतरी होतं. इंग्रजांनी आमच्या गावाचं स्पेलिंग 'येओटमाल' असं वाचावं लागेल असं केलं होतं. ते गेल्यावर आपण ते सुधारलं, आणि आता हे. गूगलनं जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नकाशावरची नावं मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे डोळ्यांची सोय झाली. कानांची अजून व्हायची आहे. कवीला हे जास्त टोचतं, कारण गावाचं नाव हा त्या गावानं रचलेला सर्वांत लहान शब्द असतो आणि तो बिघडला की गाव दुसरंच वाटायला लागतं.

या बाईंचेही प्रकार आहेत. एक गाडीतच बसवलेला नकाशा. तो गाडीच्या पोटात साठवलेला असतो, त्याला फोनची रेंज लागत नाही. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तिथंही चाकांचे फेरे मोजून तो अंदाज बांधतो. पण नवे रस्ते त्यात आपोआप येतातच असं नाही, अनेक गाड्यांत ते वेळोवेळी भरून घ्यावे लागतात. दुसरा प्रकार फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणण्याचा, 'अँड्रॉइड ऑटो' किंवा 'कारप्ले'नं. तो ताजा असतो, कुठं गर्दी आहे हेही सांगतो, पण रेंज गेली की अडखळतो. त्यावर उपाय म्हणजे निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवणं. आमच्याकडे तर घाट आणि जंगल लागलं की फोन मुका होतो. हे उतरवून ठेवण्याचं काम मी मागून घेतलं. काच खाली करण्याइतकी त्यात मजा नाही, पण बेकार बसण्यापेक्षा बरं.

यातली एक निवड मला फार महत्त्वाची वाटली. पडद्यावर उत्तर दिशा कायम वर ठेवायची, की गाडीचं तोंड वर ठेवायचं? बहुतेक लोक दुसरं निवडतात. आपण स्थिर आणि रस्ता आपल्याकडे वाहत येतो असं त्यात दिसतं. १९८१ साली जपानच्या होंडा कंपनीनं मोटारीत वाट दाखवणारं एक यंत्र बसवलं. त्यात उपग्रह नव्हते, पारदर्शक नकाशे हातानं सरकवावे लागत. १९८५ साली अमेरिकेत दुसरं निघालं, त्याचे नकाशे गाण्यांच्या असतात तशा कॅसेटवर होते. त्याचं नाव 'एटॅक'. हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या दर्यावर्दींचा. त्यांच्या हिशेबात होडी जागच्या जागी असते आणि बेटं तिच्या बाजूनं मागे सरकत जातात. मला हे वाचून त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

अम्मानं मात्र उत्तर वर ठेवायला लावलं. तिचं म्हणणं साधं. वाटेत नमाजची वेळ झाली तर पश्चिम कुठं ते कळलं पाहिजे, आणि उत्तर वर असली की पश्चिम नेहमी डाव्या हाताला. शिवाय आपल्याकडे खेड्यात कुणी डावं-उजवं सांगत नाही. गावाच्या उगवतीला, नाल्याच्या मावळतीला, असंच सांगतात. डावं-उजवं माणूस वळला की बदलतं, उगवत बदलत नाही. पडद्यावर उत्तर वर असली की त्या माणसाचं बोलणं आणि नकाशा एकमेकांना जुळवून घेता येतात.

आणि मग 'होम'चा प्रकार. गाडी मुलाच्या नावावर, पडद्याची सगळी नोंदणी त्यानंच केलेली. एका संध्याकाळी वर्ध्याच्या दवाखान्यातून निघालो. अम्मा दमली होती. शहराबाहेर पडायची वाट नीट लक्षात येईना म्हणून पत्नीनं पडद्यावरचं पहिलंच चिन्ह दाबलं. त्यावर घराचं चित्र होतं. बाईनं शांतपणे हिशेब केला आणि सांगितलं की घर सहाशेहून जास्त किलोमीटर दूर आहे, उद्या सकाळी पोचाल. ते पुण्याचं घर होतं. आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मागून अम्मानं विचारलं, "कितना दूर बोली?"

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अब्बा, बदलून टाका ना. दोन सेकंदांचं काम आहे." खरंच दोन सेकंदांचं होतं. पण अम्मा नको म्हणाली. त्याचं घर आहे, राहू द्या. तो गाडी घेऊन जाईल तेव्हा त्याला कोण सांगणार? मग पत्नीनं खालच्या दुसऱ्या चिन्हावर आमचा पत्ता घातला. ते चिन्ह 'ऑफिस'चं आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या फाटकासमोर गाडी थांबली की बाई सांगते, तुम्ही तुमच्या कार्यालयात पोचला आहात. मी अजून नोकरीत आहे, त्यामुळे दिवसातून दोनदा कार्यालयात पोचतो.

या बाईला एवढं कसं कळतं, ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह आहेत. त्यांच्यात अतिशय अचूक घड्याळं आहेत. ते फक्त स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतात. निदान चार उपग्रहांच्या हाका किती उशिरानं आल्या, यावरून फोन आपली जागा काढतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक दहाएक किलोमीटरवर जाईल. अमेरिकेनं पूर्वी सामान्य लोकांसाठीची खूण मुद्दाम अंधूक ठेवली होती. मे २००० मध्ये ते बंद केलं, आणि मग हे घराघरांत आलं. भारतानंही २०१३ पासून स्वतःच्या 'नाविक' यंत्रणेचे उपग्रह सोडले.

पण या सगळ्याची सुरुवात शोधत गेलो तर वाट आमच्या विदर्भातच येते. १८०२ साली विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ एक सरळ रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत तो उत्तरेकडे निघाला. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. तंजावरला ते देवळाच्या उंच शिखरावर चढवताना आपटलं आणि त्यानं स्वतः बसून ते दुरुस्त केलं. वीस वर्षं तो असा चालत राहिला. नागपूरकडे येताना, जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या घरात असलेला हा माणूस हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याचं काम पुढे ज्यानं नेलं त्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. हिंगणघाटच्या बसस्टँडवर लॅम्बटन कोण, असं विचारून पाहा.

गर्दी कुठं आहे हे मात्र उपग्रह सांगत नाहीत. ते आपले फोनच सांगतात. रस्त्यावर शंभर फोन मुंगीच्या गतीनं सरकत असतील तर तिथं कोंडी आहे, असं नकाशा धरतो. जर्मनीत सायमन वेकर्ट नावाच्या कलावंतानं हे उघडं करून दाखवलं. त्यानं ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी ओढत चालला. नकाशावरचा हिरवा रस्ता लाल झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यानं ही गोष्ट जाहीर केली. ती वाचल्यापासून मला एक गोष्ट लक्षात राहिली आहे. जिथं फोन जास्त जातात तिथलं या बाईंना जास्त कळतं. जिथून दिवसाला दोन बैलगाड्या आणि एक मोटारसायकल जाते, तिथलं कमी.

त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री फोनवरच्या नकाशाप्रमाणे जाताना पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली. तिथला पूल धरण भरलं की पाण्याखाली जातो. आसपासच्या माणसांना ते ठाऊक होतं. दोघं बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुरात तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. नकाशाला पूल दिसत होता. तो पुढे तुटला आहे हे दिसत नव्हतं.

आता अम्माच्या गावाचं सांगतो. गेल्या भाद्रपदात तिनं धरलं की मला दारव्हा ते कारंजा या रस्त्यानं एकदा न्या. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, 'शकुंतला'वर गँगमन होते. शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर ते यवतमाळ छोटी रेल्वे, एकशे तेरा किलोमीटरची. स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. ती बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. लाइनीलगतच्या क्वार्टरमध्ये अम्माचा जन्म.

पत्नीनं कारंजाचं नाव घातलं. बाई म्हणाली, नेरवरून जा, चार मिनिटं वाचतील. अम्माला दारव्ह्यावरूनच जायचं होतं. चार मिनिटांसाठी बाईनं पुढची पंधरा मिनिटं आम्हाला प्रत्येक चौकात मागे वळायला सांगितलं. शेवटी पत्नीनं मधला थांबा म्हणून दारव्हा घातलं तेव्हा कुठं ती गप्प झाली. हा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या मर्जीची वाट हवी असेल तर वाटेवरचं एक गाव मधे थांबा म्हणून टाकायचं, म्हणजे ती भांडत नाही. मोकळ्या सडकेवर वेग ऐंशीच्या पुढे गेला आणि गाडी टुणकन वाजली. २०१९ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं आहे. ऐंशीच्या पुढे थोड्या थोड्या वेळानं, एकशेवीसच्या पुढे एकसारखं. अम्मा म्हणाली, "ये बहू को टोकने वाली नई सास आई." पत्नी हसली आणि वेग कमी केला.

दारव्हा मागे पडल्यावर अम्मा सरळ होऊन बसली. तिच्या डोक्यातला नकाशा रेल्वेचा. लाइन बराच वेळ डाव्या हाताला राहील, मग रस्ता ओलांडेल, मग एक मोठा निंब आणि विहीर. रूळ झुडपांत गेलेले. पडद्यावर मात्र ती रेघ राखाडी रंगात अजून बारीक दिसत होती. माझं बोट त्या रेघेवर आणि कान अम्माकडे. एका ठिकाणी ती म्हणाली, यहाँ से अंदर. पडद्यावर आत जाणारा रस्ता होता, पुढे एका नाल्यावरून गेलेला. बाईही तिकडेच वळा म्हणत होती. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

वळलो आणि समोरून सायकल हातात धरून एक म्हातारा आला. मी काच खाली केली. कित्येक महिन्यांनी. त्यानंच आधी विचारलं, "कोठी चालले जी?" मी सांगितलं. "इकून नोका जाऊ भाऊ. रपट्यावून पानी चाललं. रातच्यानं लय पडला. मोठ्या सडकेनं जा, दुसऱ्या फाट्यावून डांबरी हाय, उगवतीकून." पडद्यावर रपटा म्हणून काही नव्हतं. निळी रेघ होती आणि तिच्यावरून गेलेला पांढरा रस्ता, अगदी कोरडा. पत्नीनं काही न बोलता गाडी मागे घेतली. मागचं दाखवणारा कॅमेरा अशा वेळी फार कामाचा आहे, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या फाट्यावरून आत गेलो. क्वार्टरची छपरं गेली होती, चार भिंतींपैकी दीड उरली होती. कुणाचं कोणतं, हे कसं कळावं? अम्मानं विचारलं, मगरिब कुठं? पडद्यावर डावीकडे. ती म्हणाली, आमच्या दाराचा ओटा मगरिबला होता, अब्बा तिथं नमाज पढत, बाकीच्यांची दारं लाइनीकडे होती. पश्चिमेला ओट्याचे दगड असलेलं एकच घर निघालं. अम्मा खाली उतरली. उंच सीटवरून ती कशी सहज उतरली ते मला मुलाला फोनवर सांगायचं होतं, पण तिथं रेंज नव्हती. ती दगडावर बसली, मग म्हणाली की विहीर एवढी जवळ नव्हती, लहानपणी फार लांब वाटायची.

निघताना पत्नीनं पडद्यावर त्या जागी बोट दाबून धरलं. खूण उमटली आणि खाली पाटी आली, या जागेचं नाव टाका. पत्नीनं मागे वळून अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "लिखो, अब्बा का क्वार्टर." तिनं तेच टाकलं. त्या यादीत आता पुण्याचं घर, यवतमाळचं ऑफिस आणि त्याखाली हे आहे.

सडकेला लागेपर्यंत अम्माला झोप लागली होती. बाईचा आवाज पत्नीनं बंद केला होता. दारव्हा येईपर्यंत वळणं मी सांगत गेलो.